ऑर्टोग्राफी, ओव्हर

पोलिसांच्या वायरलेसवरून जर्मन श्रुतलेखन घातलेली बाई अख्ख्या हिंदुस्थानात मी एकटीच असेन. दुसऱ्या कुणाचा दावा असेल तर त्यानं खुशाल पुढे यावं, मी समोरासमोर बसायला तयार आहे. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, पण ती दुपार आठवली की अजून माझा आवाज चढतो आणि घरातले एकमेकांकडे बघून हसतात, की झालं, आई पुन्हा जीपमध्ये बसली.

मी मूळची मिरजेची. नवरा चंदीगडच्या मेडिकल इन्स्टिट्यूटमध्ये होता म्हणून लग्नानंतर तिकडे गेले आणि पुण्यात शिकलेलं जर्मन संसाराच्या सामानाबरोबर घेऊन गेले. तिथल्या विद्यापीठाच्या परकीय भाषा विभागात मला नोकरी लागली ती तात्पुरती म्हणून. त्या तात्पुरत्या नोकरीतूनच मी रीतसर हार-नारळ घेऊन निवृत्त झाले.

आमच्या विभागात जर्मन, फ्रेंच, स्पॅनिश आणि रशियन अशा चार भाषा होत्या आणि आम्हा चार शिक्षकांचं एकाही गोष्टीवर एकमत नव्हतं. पंखा किती जोरात लावायचा यावरसुद्धा नाही. एकमत होतं ते फक्त एका शब्दावर. जर्मन लोक त्याला ऑर्टोग्राफी म्हणतात, फ्रेंच ऑर्तोग्राफी, स्पॅनिशवाले ऑर्तोग्राफिया आणि रशियन ऑर्फोग्राफिया. मूळ ग्रीक. ऑर्थोस म्हणजे सरळ आणि ग्राफो म्हणजे मी लिहितो. सरळ लिहिणं, म्हणजे आपलं शुद्धलेखन. जर्मनांकडे यासाठी त्यांचा घरचा शब्दही आहे, पण आमच्या चारही प्रश्नपत्रिकांवर हा ग्रीक पाहुणाच छापलेला असे, आणि फळ्यावरच्या वेळापत्रकात खडूनं नुसतं 'ऑर्थो'. माझा नवरा मला न्यायला आला की फळ्याकडे बघून विचारायचा, आज कुणाचं हाड मोडलंय? मी म्हणायची, संध्याकाळपर्यंत थांब, डझनभर मोडतील.

कारण या भागाचा धाकच तसा होता. ऑर्थोचा पेपर म्हणजे श्रुतलेखन. बाहेरच्या लोकांना वाटतं, त्यात काय, बाईंनी वाचायचं आणि पोरांनी लिहायचं. अहो, त्याचं एक शास्त्र आहे. उतारा तीनदा वाचायचा. पहिल्यांदा बोलण्याच्या वेगानं, तेव्हा पेनं खाली ठेवून नुसतं ऐकायचं. दुसऱ्यांदा तुकडे पाडून सावकाश, आणि स्वल्पविराम-पूर्णविरामसुद्धा तोंडानं सांगायचे, कोमा, पुंक्ट, असं. तिसऱ्यांदा पुन्हा सलग, म्हणजे लिहिलेलं तपासता येतं. कुणी कितीही काकुळतीला आलं तरी चौथ्यांदा नाही. वाचणाऱ्यानं कुणाकडे बघायचंसुद्धा नाही, कारण माझी भुवई हलली तरी हुशार पोरगं तेवढ्यावरून कुठे चुकलं ते ओळखतं. उतारा निवडायचा दूरच्या कुठल्या तरी विद्यापीठातल्या परीक्षकानं, तो यायचा सीलबंद पाकिटात, आणि पाकीट फोडायचं पोरांच्या समोर. दहा चुकांपर्यंत पास. अकरावी झाली की नापास, आणि ऑर्थोत गेला तो अख्ख्या परीक्षेत गेला.

यातली एक गंमत आमच्या धंद्याबाहेर कुणाला सांगून पटत नाही. श्रुतलेखन घालताना वाचणाऱ्याला अर्थ लागत नाही. भाषा येत असते, पण जीव सगळा आवाजात असतो. शेवटचं अक्षर नीट ऐकू गेलं का, तुकडा फार लांब तर पडला नाही ना, मागच्या बाकावर पोचलं का, याकडे लक्ष. शब्दांचं म्हणणं काय आहे ते वाऱ्यावर जातं. ही खोड त्या दिवशी मला किती महागात पडणार होती ते मला माहीत असतं, तर पाकीट फोडल्यावर दोन मिनिटं गप्प बसून उतारा आधी मनात वाचला असता.

वर्गात कोण कोण नसे! रसायनशास्त्राचे संशोधक यायचे, त्यांना जर्मन बोलायचं नसायचंच, फक्त जुने शोधनिबंध वाचायचे असायचे, त्यामुळे ते 'नमस्कार, कसे आहात'ला सुद्धा घाम पुसत. मनीमाजऱ्याचे एक मिठाईवाले सरदारजी होते, साठीच्या पुढचे. त्यांच्या मुलानं हँबुर्गला जर्मन मुलीशी लग्न केलं होतं आणि यांना सुनेशी भांडण्यापुरती भाषा हवी होती. दर परीक्षेत नापास व्हायचे आणि दर परीक्षेनंतर विभागात बर्फीचा डबा आणायचे. मी एकदा विचारलं की बर्फी कशाबद्दल, तर म्हणाले, तुम्ही अजून मला काढून टाकलं नाही त्याबद्दल. आणि एक होती वैशाली शिंदे, कराडची, एका कॅप्टनची बायको. नवरा सीमेवर आणि ही क्वार्टरमध्ये एकटी, म्हणून वेळ घालवायला यायची. वर्गात आम्ही दोघी मराठीत बोललो की सगळे कान टवकारायचे.

हे सगळं चाललं होतं ते पंजाबातल्या अतिरेकी कारवायांच्या दिवसांत. चंदीगडात राहणाऱ्याला त्याचं काही विशेष सांगावं लागत नाही. चौकाचौकात नाके, वाळूची पोती, स्कूटरची डिकी उघडून दाखवायची सवय. बेवारशी ट्रान्झिस्टर, डबा, पिशवी दिसली की हात लावू नका, ही पाटी बसमध्ये, सिनेमात, बँकेत, सगळीकडे. आमचे संध्याकाळचे वर्ग दुपारी भरू लागले, कारण अंधाराच्या आत गावी पोचायचं असायचं. गावाकडच्या पोरांचे चेहरे वर्ग संपत आला की खिडकीकडे वळायचे.

त्यांतलाच जसविंदर. खरडच्या पुढचं एक गाव, नाव लिहीत नाही. वडील नव्हते, थोडी शेती, आणि आई. आईला तो बेबे म्हणायचा. दाराची चौकट लागेल एवढा उंच, फिकट निळी पगडी, आणि बोलणं इतकं हळू की मला ओरडावं लागे, अरे बाबा, जर्मन पोटात नाही, तोंडात बोलायचं असतं! मेकॅनिकलचा डिप्लोमा झाला होता आणि ट्रॅक्टरचे भाग बनवणाऱ्या एका जर्मन कारखान्यानं त्याला शिकाऊ म्हणून घेतलं होतं. अट एकच, आमच्या परीक्षेचं प्रमाणपत्र महिन्याच्या आत तिकडे पोचलं पाहिजे.

त्याला जाण्याची हौस होती असं मला कधी वाटलं नाही. हौस बेबेला होती, आणि ती हौस नव्हे, भीती होती. त्या भागात वीस-बावीस वर्षांचा मुलगा घरात असणं म्हणजे आईच्या जिवाला घोर. रात्री एक टोळकं दार वाजवून भाकरी आणि आसरा मागे, आणि दिवसा पोलीस येऊन विचारत, भाकरी कुणाला दिली? नाही कुणालाच म्हणता येत नव्हतं. जसविंदरचा एक चुलतभाऊ असाच चौकशीला नेला तो परतला नव्हता. बेबे एकदा विभागात आली होती मला भेटायला. खुर्चीवर बसायला तयार नव्हती. एवढंच म्हणाली की मॅडमजी, याला पास करा, मी याला डोळ्यांसमोरून घालवायला बसले आहे.

बाकीचे भाग जसविंदर पास झाला होता, फक्त ऑर्थोची परीक्षा आधीच दोनदा पुढे ढकलली गेली होती. तिसरी तारीख ठरली आणि नेमका त्याच दिवशी बंद पुकारला गेला. शहरातली मंडळी सायकली मारत आली. मिठाईवाले सरदारजी तर मनीमाजऱ्याहून चालत आले, नापास व्हायला! जसविंदर मात्र नाही. पेपरला अर्धा तास असताना फोन वाजला. गावातल्या मुलींच्या शाळेत फोन होता, तिथून तो बोलत होता. बस नाही, रस्त्यावर चिटपाखरू नाही, आदल्या दिवशी त्याच रस्त्यावर गोळीबार झाला होता, आणि बेबे शाळेच्या दारात आडवी बसली आहे. "मॅडमजी, मैं साइकल पे निकल जाऊँ?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, खबरदार.

फोन ठेवला नाही. तसाच धरून ठेवला आणि आमचे विभागप्रमुख डॉक्टर ग्रोव्हर यांच्याकडे बघितलं. ते फ्रेंच शिकवायचे आणि नियमांचं पुस्तक उशाशी घेऊन झोपायचे. मी म्हटलं, सर, नियम वाचा. त्यांनी वाचला. परीक्षकाने उतारा स्पष्ट आवाजात, सर्व परीक्षार्थींना एकाच वेळी वाचून दाखवावा. मी म्हटलं, आवाज एक आहे, वेळ एक आहे, खोली एकच हवी असं कुठे लिहिलंय? ग्रोव्हर साहेबांनी ते वाक्य पुन्हा वाचलं, मग पुस्तक उलटं करून मागचं पान बघितलं, आणि मग त्यांच्या चेहऱ्यावर असं काही हसू आलं की काय सांगू! आयुष्यभर नियम पाळणाऱ्या माणसाला नियमात भोक सापडल्याचा आनंद फार मोठा असतो.

मग आमची जी धावपळ उडाली! शाळेच्या मुख्याध्यापिका सोढी बहेनजी फोनवर आल्या. पर्यवेक्षक म्हणून बसायला तयार झाल्या, शाळेचे कोरे कागद सही-शिक्का मारून देते म्हणाल्या. फोन ग्रोव्हर साहेबांच्या खोलीत आणि त्याची वायर जेमतेम हातभर, म्हणून आम्ही वर्गच फोनकडे नेला. दोन बाकं आत, बाकीची दारात आणि व्हरांड्यात. मधोमध मी, एका हातात उतारा, दुसऱ्या हातात रिसीव्हर तोंडासमोर धरलेला, लग्नात माइक धरतात तसा. पाकीट फोडलं. उताऱ्यावर नजर टाकली आणि मनात म्हटलं, वा, छान आहे, लहान वाक्यं आहेत, जसविंदर तरून जाईल. बस, माझ्या डोक्यात एवढंच आलं.

पहिलं वाचन झालं. मधेच एक्स्चेंजचा ऑपरेटर पुन्हा एकदा आला, "तीन मिनट हो गए, और लेंगे?" मी म्हटलं, घेऊ, मधे बोलू नका. दुसरं वाचन सुरू केलं. सावकाश, तुकडे पाडून, प्रत्येक तुकड्यानंतर थांबून. कोमा. पुंक्ट. पलीकडून फक्त शाळेतल्या भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक आणि जसविंदरचा श्वास ऐकू येत होता. माझा ऊर असा भरून आला होता, की बघा, बंद पुकारणाऱ्यांनो, तुम्ही रस्ते बंद केलेत, आमचं शुद्धलेखन चाललंय! उतारा निम्म्याच्या पुढे गेला आणि फोन खटकन बंद पडला.

इकडचा वर्ग थांबवता येत नव्हता. मी पुढचं वाचून संपवलं, तिसरं वाचन केलं, पेपर गोळा केले. मधल्या वेळात ग्रोव्हर साहेब पुन्हा पुन्हा फोन लावत होते आणि लाइन मिळत नव्हती. आम्हाला वाटलं, नेहमीसारखी बिघडली असेल. तेवढ्यात आवारात जीप येऊन थांबली.

डीएसपी हुद्द्याचे अधिकारी होते. पन्नाशीचे, डोळे जागरणानं लाल, आवाज मात्र एकदम शांत, आणि तेच जास्त भीतीदायक होतं. त्यांनी विचारलं की या फोनवरून आत्ता कोण बोलत होतं. मी म्हटलं, मी. ते म्हणाले की एक्स्चेंजनं कळवलंय, या नंबरवरून एका गावात कुठल्याशा परक्या भाषेत निरोप दिला जात होता, तुकड्यातुकड्यानं, आणि पलीकडचा माणूस एक अक्षर न बोलता लिहून घेत होता. मुख्याध्यापिकेला घरी पाठवलंय. मुलगा चौकीत आहे.

त्या दिवसांत चौकीत गेलेला मुलगा संध्याकाळी घरी येईल असं छातीठोकपणे कुणी सांगू शकत नव्हतं. आणि त्याला तिथे पोचवलं कुणी? मी, माझ्या स्पष्ट आवाजानं! मी श्रुतलेखन म्हणजे काय ते समजावू लागले, तीन वाचनं, कोमा, पुंक्ट. माझी हिंदी घाबरल्यावर सरळ मिरजेला जाते, त्यामुळे त्यातलं निम्मं त्यांना कळलं नसेल. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि उताऱ्याच्या कागदावर बोट ठेवलं. "इसका हिंदी में मतलब बताइए."

मी कागद हातात घेतला आणि सांगू लागले. एक माणूस वेळेच्या आधी स्टेशनवर येतो. त्याच्या हातात तपकिरी सूटकेस आहे. तो आजूबाजूला बघतो. फलाटावर खूप गर्दी आहे. तो मोठ्या घड्याळाखाली सूटकेस ठेवतो आणि मागे वळून न बघता निघून जातो.

शपथेवर सांगते, त्या क्षणापर्यंत मला या उताऱ्याचा अर्थ लागला नव्हता. दोनदा वर्गाला वाचून दाखवला होता, तिसऱ्यांदाही वाचला होता, आणि मी काय वाचतेय ते मला हिंदीत बोलताना पहिल्यांदा ऐकू आलं. दूर दक्षिणेत बसून कुणी तरी भल्या प्राध्यापकानं स्टेशनवरचा साधा उतारा निवडला होता. त्याला काय माहीत, की आमच्याकडे बेवारशी सूटकेस म्हणजे काय! आणि फोन तुटला होता तो नेमका तिथे, सूटकेस ठेवून माणूस निघून गेल्यावर.

डीएसपी साहेबांनी मागे वळून वैशालीला बोलावलं आणि म्हणाले, आता तुम्ही सांगा, मॅडमकडे न बघता. वैशाली बिचारी पांढरीफटक. ती मला मराठीत म्हणाली, "बाई, जे लिहिलंय तेच सांगू ना?" झालं! डीएसपी साहेबांच्या कपाळाला आठ्या. ही आणखी कुठली भाषा, असं त्यांनी विचारलं. दारातून मिठाईवाले सरदारजी म्हणाले, की साहेब, ती मराठी आहे, तिला घाबरू नका, आम्ही घाबरायचं सोडलंय. एरवी मी हसले असते.

वैशालीनं माझ्यासारखाच अर्थ सांगितला. मग मी म्हटलं, साहेब, उतारा अजून संपलेला नाही, पुढचं ऐका. लोक सूटकेसकडे बघतात. कुणी हात लावत नाही. मग तो माणूस धावत परत येतो, दोन्ही हातांत गरम कॉफीचे पेले, कारण गाडी आली आहे आणि गाडीतून त्याची म्हातारी आई उतरते आहे, आणि तिला थंडी वाजते. एवढंच आहे हो, म्हटलं. आईसाठी कॉफी आणायला गेला होता.

ते म्हणाले, हे शेवटचं त्या मुलानं लिहून घेतलेलं नाही? मी म्हटलं, नाही, तुमच्या एक्स्चेंजनं फोन तोडला. मग माझा राग वर आला, आणि भीतीपेक्षा राग मला नेहमी बरा पेलतो. मी म्हटलं, याचा पेपर अर्धा राहिलाय, परीक्षा एका बैठकीत संपली नाही तर रद्द होईल, आणि सगळे पेपर आज संध्याकाळी सील व्हायचे आहेत, तुम्हाला चौकशी करायची ती करा, पण मला माझं वाचन पूर्ण करू द्या. ग्रोव्हर साहेबांनी माझा पदर ओढला नाही एवढंच. डीएसपी साहेबांनी माझ्याकडे असं बघितलं, की ही बाई वेडी आहे की खरी आहे ते ठरवतायत. मग म्हणाले, "चलिए। मेरे सामने पढ़िए। देखते हैं लड़का क्या लिखता है।"

आणि मला नेऊन बसवलं जीपमध्ये, वायरलेससमोर!

पलीकडे चौकीतल्या हवालदाराला हुकूम गेला, की त्या पोराला टेबलाशी बसवा, त्याचा कागद द्या, पेन द्या, आणि सेट त्याच्या कानाशी धरा. मला बटण दाखवलं. दाबून बोलायचं, बोलून झालं की 'ओव्हर' म्हणायचं आणि सोडायचं. मी बटण दाबलं. आधी एक वाक्य हिंदीत म्हटलं, की जसविंदर, मी मॅडम बोलतेय, घाबरू नकोस, जिथे थांबलो तिथून पुढे, पहिल्यांदा सावकाश आणि मग अख्खा उतारा सलग, नेहमीसारखं. आणि सुरू केलं. लोक सूटकेसकडे बघतात, पुंक्ट, ओव्हर. तिकडून हवालदाराचा जाडाभरडा आवाज, "लिख लया जी, ओव्हर." कुणी हात लावत नाही, पुंक्ट, ओव्हर. "लिख लया जी, ओव्हर."

सगळा वर्ग जीपभोवती गोळा झालेला. झाडाखाली माळी उभा, पलीकडच्या इमारतीतून लोक खिडक्यांत. मधेच दुसऱ्या कुठल्याशा ठाण्यानं विचारलं, की चॅनलवर हे कोण बोलतंय, कुठली भाषा आहे? डीएसपी साहेबांनी माझ्या हातून माइक घेतला आणि करड्या आवाजात म्हणाले, "इम्तिहान चल रहा है। कोई बीच में न बोले।" मला तर त्या माणसाची दृष्ट काढावीशी वाटली. शेवटी अख्खा उतारा सलग वाचला. आईसाठी कॉफी, पुंक्ट. माझा आवाज थरथरला असेल तर तेवढा एकदाच.

त्यानंतर त्यांनी मला जीपमधूनच चौकीवर नेलं. सगळ्या रस्त्याला आमची एकटी जीप. मी मांडीवर पर्स घट्ट धरून बसले होते, त्यात माझं लाल पेन. वाटेत ते एकदाच बोलले. म्हणाले, की पाठ करून ठेवलेला निरोप असेल तर तो बिनचूक उतरेल, ऐकून लिहिलेलं असेल तर चुका होतील. "ग़लतियाँ दिखाइए मुझे, मैडम।" मी हो म्हटलं आणि मग माझ्या लक्षात आलं, की अरे देवा! चुका निघाल्या तर पोरगा सुटणार, आणि जास्त निघाल्या तर नापास होणार. सुटून घरीच राहायचं, तर पुढच्या वेळी दार कोण वाजवेल याचा भरवसा कुणी द्यायचा?

चौकी म्हणजे दोन खोल्या आणि एक अंगण. अंगणात बेबे जमिनीवर बसलेली, पाठ ताठ, डोळे कोरडे. मला बघून उठली नाही, हात जोडले फक्त. आत जसविंदर टेबलाशी. पगडी जागच्या जागी होती, हे मी आधी बघितलं. कागद माझ्यासमोर ठेवला गेला. डीएसपी साहेब मूळ उतारा घेऊन शेजारी बसले. त्यांना जर्मनचं ओ की ठो येत नव्हतं, पण अक्षरं ओळखता येत होती, आणि ते बोट ठेवून एकेक अक्षर जुळवू लागले. असा कडक परीक्षक मी आयुष्यात बघितला नाही.

शाळेत लिहिलेल्या भागात चुका होत्या. मी लाल रेघ मारली की ते मान हलवत, समाधानानं. एक, दोन, तीन. त्यांचा चेहरा मोकळा होत होता आणि मी मनात दहाला किती उरल्या ते मोजत होते. आठ झाल्या. मग चौकीत लिहिलेला भाग आला. अक्षर वेडंवाकडं, पण शब्द जवळजवळ बिनचूक. जिवाला घोर लागलेल्या माणसाला बहुतेक जास्त नीट ऐकू येतं. एक चूक. नऊ. मी श्वास सोडणार तेवढ्यात दिसलं, पहिल्या तीन वाक्यांच्या शेवटी पोरानं काय लिहिलं होतं? ओव्हर! ओव्हर! ओव्हर! परीक्षक बोलेल ते सगळं लिहायचं हे मीच त्याच्या डोक्यात घातलं होतं. चौथ्या वाक्यापासून त्याच्या ध्यानात आलं असणार, पण हवालदारासमोर आधीचं खोडायची हिंमत झाली नसणार. आणि नियम असा, की उताऱ्यात नसलेला प्रत्येक शब्द ही एक चूक. नऊ आणि तीन बारा.

माझं पेन त्या पहिल्या ओव्हरवर थांबलं. जसविंदर माझ्याकडे बघत होता. त्यालाही नियम पाठ होता. डीएसपी साहेबांनी विचारलं, काय झालं, मी सांगितलं. पासाची मर्यादा सांगितली, जर्मनीची जागा सांगितली, महिना सांगितला, अंगणातल्या बाईचं म्हणणंही सांगितलं. ते खुर्चीत मागे रेलले, डोळे चोळले आणि म्हणाले, "वो ओव्हर मेरे हैं, मैडम। लड़के के नंबर मत काटिए।"

एवढं बोलून त्यांनी माझ्या हातातलं पेन घेतलं आणि समासात स्वतः लिहिलं, की हे तीन शब्द पोलीस वायरलेसच्या पद्धतीमुळे आले. खाली सही केली, चौकीचा शिक्का मारला. जगात जर्मन ऑर्टोग्राफीच्या दुसऱ्या कुठल्या पेपरावर पोलिसाचा शिक्का असेल तर मला दाखवा. मी पानाखाली मोठ्या अक्षरांत निकाल लिहिला आणि जसविंदरचे खांदे, काय सांगू तुम्हाला, चार बोटं खाली आले. हवालदारानं त्याच्या पाठीवर थाप मारली. बहुधा चौकीत आल्यापासून त्याला चांगल्या भावनेनं लागलेला तो पहिला हात.

डीएसपी साहेब म्हणाले, घरी जा. मी आधी बाहेर धावले, कारण बातमी मला द्यायची होती. हवालदारानं सांगितलं होतं, की दुपारपासून ही बाई एका जागी बसून आहे, पाणी दिलं ते घेतलं नाही, रडली नाही, कुणाच्या पाया पडली नाही, नुसती दाराकडे बघत राहिली. मी तिच्यासमोर उकिडवी बसले आणि म्हटलं, सोडलाय त्याला, बेबे, येतोय बाहेर. तिनं मान हलवली. मग मी आनंदानं जवळजवळ ओरडलेच, "और पास भी हो गया! अब पक्का जाएगा!"

मग तिचं तोंड वाकडं झालं, तिनं ओढणीचा बोळा तोंडात कोंबला आणि दिवसभर न रडलेली ती बाई धाय मोकलून रडू लागली. जसविंदर दारात येऊन उभा होता, तरी तिला तो दिसेना. माझा हात तिनं दोन्ही हातांनी धरला होता आणि पुन्हा पुन्हा तेच म्हणत होती, "हुण तां चला जाऊ, मैडम जी। हुण तां चला जाऊ।"

आता तर हा जाणारच.